एकाच मशीनचे पाच आयपी: समोरच्याला कोणता पत्ता द्यायचा?

इंदूरच्या सियागंजातली किराण्याची पेढी घ्या, जेल रोडवरचं मोबाइलचं दुकान घ्या किंवा रामबागेतलं एखाद्या कर सल्लागाराचं ऑफिस घ्या. हिशेबाचं मुख्य मशीन एकच असतं आणि बाकी दोन-तीन मशीन, एखादा प्रिंटर, मालकांचा फोन असं सगळं त्यालाच जोडायचं असतं. नवीन मशीनवर टॅली बसवताना विचारलं जातं, परवाना देणाऱ्या मशीनचा पत्ता काय? फोनवरून साठा बघायचं अ‍ॅपही तेच विचारतं. मग कुणीतरी मुख्य मशीनवर कमांड लिहायची काळी खिडकी उघडून आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बघायला जातं आणि समोर एकाऐवजी चार-पाच पत्ते येतात. बहुतेक जण सगळ्यात वरचा उचलतात. तो चालला तर ठीक, नाही चालला की दोष राउटरवर, केबलवर नाहीतर अँटिव्हायरसवर जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा पत्ताच चुकीचा दिलेला असतो.

हा लेख त्या चार-पाचांतून योग्य पत्ता कसा निवडायचा याबद्दल आहे. नेटवर्कचं शिक्षण झालेलं नसलं तरी चालेल. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. तुम्ही टाइप करताना त्या रोमन अक्षरांत, आणि आकडे इंग्रजी घाला.

पत्ता संगणकाचा नसतो

सगळ्यात आधी एक समज सोडून द्यावा लागतो. 'या संगणकाचा आयपी' असं आपण म्हणतो खरं, पण आयपी पत्ता संगणकाला मिळत नाही, तो त्याच्या एकेका इंटरफेसला, म्हणजे नेटवर्कला जोडणाऱ्या दाराला, मिळतो. केबल लागते ते कार्ड हा एक इंटरफेस, वायफाय हा दुसरा. व्हीपीएन (इंटरनेटवरून दूरच्या नेटवर्कला जोडणारी खासगी वाट) चालू केलं की सॉफ्टवेअरनं बनवलेला तिसरा येतो. एका संगणकाच्या आत आभासी (व्हर्च्युअल) मशीन किंवा प्रोग्रॅमचे वेगळे कप्पे चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, डॉकर, हायपर-व्ही यांतलं काही बसवलेलं असेल तर प्रत्येकाचे आणखी एक-दोन.

जुन्या इंदुरात कोपऱ्यावरची घरं असतात, एक दार मोठ्या रस्त्यावर आणि दुसरं मागच्या गल्लीत. घर एकच असलं तरी गल्लीतून येणाऱ्याला मोठ्या रस्त्यावरच्या दाराचा नंबर सांगून उपयोग होत नाही. संगणकाचं तसंच आहे. म्हणून 'माझा खरा पत्ता कोणता' या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. विचारायचं असं: जो येणार आहे, तो कोणत्या नेटवर्कवरून येणार आहे? पुढची प्रत्येक पायरी या प्रश्नावर उभी आहे, आणि तो विसरला की बाकीच्या युक्त्या कधी लागू पडतात, कधी नाही.

पहिली पायरी: सगळे पत्ते समोर आणा

विंडोजवर स्टार्टमध्ये सीएमडी शोधा आणि उघडलेल्या खिडकीत आयपीकॉन्फिग असं सलग लिहून एंटर दाबा. लिनक्सवर टर्मिनलमध्ये आयपी, मग एक जागा सोडून ए. मॅकवर इफकॉन्फिग, हे रोमनमध्ये 'आय एफ' नं सुरू होतं. काळ्या खिडकीची भीती वाटत असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट या भागात इथरनेट किंवा वायफायवर क्लिक करूनही त्या-त्या कार्डाचा पत्ता दिसतो. तरी मी काळी खिडकीच सुचवेन, कारण तिथे सगळे पत्ते एकाखाली एक येतात आणि तुलना करता येते.

विंडोजची यादी गटागटानं येते. प्रत्येक गटाच्या डोक्यावर अ‍ॅडॅप्टरचं, म्हणजे त्या कार्डाचं, नाव असतं आणि त्याखाली तीन ओळी आपल्या कामाच्या: आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस, सबनेट मास्क आणि डिफॉल्ट गेटवे. ज्या गटात 'मीडिया डिसकनेक्टेड' लिहिलेलं असेल तो सोडून द्या, तिथे काही जोडलेलंच नाही. ब्लूटूथचा गट बहुतेक वेळा असाच दिसतो.

आता एक कागद घ्या आणि नाव, पत्ता, मास्क, गेटवे असे चार रकाने करून उरलेले गट उतरवून काढा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण दुरुस्तीला बोलावलेला माणूस घाईत पत्ता चुकवतो तो इथेच, कारण तो पडद्यावर बघतो आणि अ‍ॅडॅप्टरचं नाव वाचत नाही.

दुसरी पायरी: बाहेरच्यांच्या कामाचे नसलेले पत्ते वगळा

१२७ नं सुरू होणारा कुठलाही पत्ता बाद. १२७.०.०.१ म्हणजे 'मी स्वतः'. हा पत्ता फोनमध्ये टाकला तर फोन स्वतःलाच शोधेल. लिनक्सच्या डेबियन घराण्यात मशीनच्या नावावरून पत्ता शोधला तर १२७.०.१.१ असाही एक मिळतो, तोही त्यातलाच.

१६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसला तर थांबा. केबल लागलेली आहे पण राउटरकडून पत्ता मिळाला नाही, म्हणून मशीननं आपल्या मनानं एक घेतला, असा त्याचा अर्थ. तो कुणाला द्यायचा नसतो. त्याच्याकडे तक्रार म्हणून बघायचं असतं: केबल सैल आहे, स्विच बंद आहे किंवा राउटरचं पत्ते वाटणं थांबलं आहे. आधी ते दुरुस्त करा, मग पुन्हा यादी काढा.

मग येतात व्हर्च्युअल कार्डं, आणि सगळ्यात जास्त फसवणारी हीच, कारण त्यांचे पत्ते अगदी खऱ्यासारखे दिसतात. व्हर्च्युअलबॉक्स बसवलं की बहुधा १९२.१६८.५६.१ हा पत्ता येतो. दिसायला तो घरच्या राउटरनं दिल्यासारखाच, पण तो फक्त तुमचं मशीन आणि त्याच्या आत चालणारं व्हर्च्युअल मशीन यांच्यातला आहे. शेजारच्या टेबलावरच्या संगणकाला तिथवर पोचता येत नाही. पुष्कळ ऑफिसांत एखादं जुनं सॉफ्टवेअर चालवायला कधीकाळी व्हर्च्युअलबॉक्स बसवलेलं असतं, नंतर ते वापरात राहत नाही, पण कार्ड मागे राहतं आणि यादीत वरच्या जागी दिसत राहतं. लिनक्सवर डॉकर असेल तर १७२.१७.०.१ दिसतो. विंडोजवर लिनक्सची उपप्रणाली किंवा हायपर-व्ही चालू असेल तर नावात 'व्हीइथरनेट' असलेला गट येतो आणि त्याचा पत्ता १७२ नं सुरू होणारा असू शकतो. आणि व्हर्च्युअल मशीनच्या आत बसून आयपी पाहिलात आणि १०.०.२.१५ दिसला तर तोही बाहेर देऊ नका. व्हर्च्युअलबॉक्स आतल्या मशीनला नेहमीच्या मांडणीत हाच पत्ता देतं, म्हणजे देशभरात एका वेळी हजारो जणांकडे तो असू शकतो.

एवढे सारखे पत्ते सगळ्यांकडे कसे, असं नवख्याला वाटतं. आयपीव्ही४ मध्ये एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत आणि जगातल्या प्रत्येक यंत्राला ते पुरणारे नाहीत. म्हणून १९९६ साली इंटरनेटच्या मानकांत तीन पट्टे खासगी वापरासाठी पक्के झाले: १० नं सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ नं सुरू होणारे. हे पत्ते कुणीही, कितीही ठिकाणी वापरू शकतो. इंटरनेटवर ते चालत नाहीत, चार भिंतींच्या आतच चालतात. राउटर बनवणाऱ्यांनी आणि व्हर्च्युअलबॉक्सवाल्यांनी, दोघांनीही याच पट्ट्यांतून पत्ते उचलले. त्यामुळे नुसता आकडा बघून 'हा खरा, हा खोटा' हे सांगता येत नाही. नाव आणि गेटवे बघावेच लागतात.

गेटवेची खूण चांगली आहे. ज्या कार्डावरून बाहेर जाण्याचा रस्ता आहे त्याच्याच गटात डिफॉल्ट गेटवेसमोर आकडा असतो. व्हर्च्युअल कार्डांच्या समोर ती जागा बहुधा रिकामी असते. साध्या घरी किंवा एका राउटरच्या ऑफिसात 'गेटवे भरलेला आहे तो पत्ता घ्या' एवढ्यानं काम होतं. पण डोळे मिटून तसं करू नका. काही दुकानांत बिलाची दोन मशीन वेगळ्या स्विचनं एकमेकांना जोडलेली असतात आणि त्या जोडणीवर इंटरनेट मुद्दाम दिलेलं नसतं. तिथे गेटवे रिकामा असतो आणि तरीही बिलाच्या मशीनसाठी तोच पत्ता बरोबर असतो.

व्हीपीएनचा पत्ता वगळायचा की नाही, हे पाहुण्यावर, म्हणजे तुमच्या मशीनवर कोण येणार आहे त्यावर ठरतं. पुण्यात बसलेला लेखापरीक्षक त्याच व्हीपीएनवरून तुमच्या मशीनवर येणार असेल तर त्याला व्हीपीएनचाच पत्ता द्यावा लागेल. शेजारच्या खोलीतल्या मशीनला तो देऊन उपयोग नाही.

तिसरी पायरी: समोरच्याचा पत्ता बघा

मला सगळ्यात जास्त आग्रह या पायरीचा आहे, आणि लोक नेमकी हीच गाळतात. सगळे आपल्याच मशीनकडे बघत बसतात. ज्याला जोडायचं आहे त्या यंत्राचा पत्ता कुणी बघत नाही.

समोरचं यंत्र संगणक असेल तर तिथेही आयपीकॉन्फिग चालवा. फोन असेल तर वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर दाबलं की पत्ता दिसतो. प्रिंटर असेल तर त्याच्या पडद्यावरच्या मेनूत नेटवर्कच्या भागात मिळतो, आणि बऱ्याच प्रिंटरांवर तो छापूनही काढता येतो.

आता जुळवाजुळव. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असेल, आणि घरगुती राउटरांवर बहुधा तोच असतो, तर पत्त्याचे पहिले तीन आकडे म्हणजे गल्ली आणि चौथा म्हणजे त्या गल्लीतलं यंत्र. फोनचा पत्ता १९२.१६८.१.४० आहे आणि तुमच्या कागदावर १९२.१६८.५६.१, १७२.२८.१६०.१ आणि १९२.१६८.१.१५ असे तीन आहेत. पहिले तीन आकडे कुणाचे जुळतात? १९२.१६८.१.१५ चे. फोनला तो द्यायचा, संपलं.

मास्क वेगळा असेल तर थोडं जपून. आयफोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला की पत्ता १७२.२०.१०.२ किंवा त्याच्या पुढचा मिळतो आणि मास्क २५५.२५५.२५५.२४० असतो. तिथे गल्ली खूप लहान असते, १७२.२०.१०.१ ते १७२.२०.१०.१४ एवढीच, आणि त्यातला पहिला पत्ता फोन स्वतःकडे ठेवतो. भंवरकुव्याच्या खोल्यांमध्ये राहून शिकणारी पुष्कळ मुलं आपला प्रोजेक्ट लॅपटॉपवर चालवून त्याच फोनवर उघडून बघतात, त्यांना ही माहिती कामाची आहे: हॉटस्पॉट देणारा फोनही त्याच गल्लीत असतो, त्यामुळे फोनच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा १७२.२०.१० चा पत्ता टाकायचा. उलट लॅपटॉपनंच विंडोजचा मोबाइल हॉटस्पॉट चालू केला असेल तर लॅपटॉपचा पत्ता बहुधा १९२.१६८.१३७.१ असतो. जोडलेल्या फोनला तोच द्यायचा, जरी लॅपटॉपच्या यादीत वायफायचा दुसरा पत्ताही दिसत असला तरी.

दोन राउटर असतील तेव्हा

इथे जरा जास्त वेळ घालवू, कारण आपल्याकडे हे फार ठिकाणी आहे. फायबरवाल्यानं आपला डबा भिंतीवर बसवलेला असतो. त्याचं वायफाय आतल्या खोलीपर्यंत पोचत नाही म्हणून घरच्यांनी बाजारातून आणखी एक राउटर आणून त्याच्या मागे जोडलेला असतो. एका घरात, नकळत, दोन गल्ल्या तयार होतात.

समजा बाहेरचा डबा १९२.१६८.१ ची गल्ली चालवतो आणि आतला राउटर १९२.१६८.० ची. हिशेबाचं मशीन केबलनं बाहेरच्या डब्याला जोडलं आहे, त्याचा पत्ता १९२.१६८.१.१०. मालकांचा फोन आतल्या वायफायवर आहे, १९२.१६८.०.२३. पहिले तीन आकडे जुळत नाहीत. तरीही फोनमधून १९२.१६८.१.१० टाकलं तर बहुतेक वेळा चालतं, कारण फोनचा निरोप आतल्या राउटरमधून बाहेर पडून बाहेरच्या गल्लीत पोचतो. उलट मात्र होत नाही. हिशेबाचं मशीन आतल्या वायफायवरच्या प्रिंटरला शोधू लागलं तर सापडत नाही. आतला राउटर बाहेरून आलेल्यांना आपणहून आत सोडत नाही. 'फोनवरून बिल दिसतं पण छापता येत नाही' अशी तक्रार ऐकलीत की हे तपासा.

याहून अवघड प्रसंग असतो तो दोन्ही राउटर १९२.१६८.१ हीच गल्ली वापरतात तेव्हा. काही राउटर हा गोंधळ ओळखून आपली गल्ली बदलतात, काही नाही. बदलली नाही तर आतला फोन १९२.१६८.१.१० ला आपल्याच गल्लीत शोधत राहतो आणि निरोप बाहेर जातच नाही. पहिले तीन आकडे तंतोतंत जुळत असूनही जोडणी होत नाही, आणि नवखा माणूस इथे हमखास अडकतो. खात्री करायची तर दोन्ही यंत्रांच्या वायफायचं नाव आणि केबल कुठल्या डब्यात जाते ते डोळ्यांनी बघा.

आता हिशेबाचं मशीन केबलनं बाहेरच्या डब्याला आणि वायफायनं आतल्या राउटरला, असं दोन्हीकडे जोडलेलं असेल तर? त्याच्या कागदावर दोन खरे पत्ते येतील, १९२.१६८.१.१० आणि १९२.१६८.०.३१, दोन्हींसमोर गेटवे भरलेला. केबलवरच्या दुसऱ्या मशीनला पहिला द्यायचा, वायफायवरच्या फोनला दुसरा. दोन पाहुणे आणि दोन बरोबर उत्तरं. अशा वेळी एकच पत्ता सगळ्यांना वाटू नका.

माझं मत विचाराल तर घरात आणि लहान ऑफिसात दोन गल्ल्या ठेवूच नयेत. आतल्या राउटरच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असतो, तो लावला की आतला राउटर फक्त वायफाय पसरवतो, पत्ते वाटत नाही, आणि सगळी यंत्रं एकाच गल्लीत येतात. एकदा एवढं केलं की वरच्या अर्ध्या अडचणी उरत नाहीत.

चौथी पायरी: मशीनलाच विचारा

कागदावर जुळवणं जमलं की पडताळून बघायची एक सोय आहे. प्रत्येक मशीनकडे रस्त्यांची एक यादी असते, रूटिंग टेबल. अमुक पत्त्यावर जायचं तर कुठल्या कार्डानं बाहेर पडायचं हे त्यात लिहिलेलं असतं. समोरच्याचा पत्ता सांगून मशीनला विचारता येतं की तू तिथे कुठल्या पत्त्यानं जाशील.

लिनक्सवर कमांड अशी: आयपी रूट गेट, आणि पुढे समोरच्याचा पत्ता, जसं १९२.१६८.१.४०. उत्तरात एसआरसी या शब्दानंतर जो पत्ता येतो तो घ्या. मॅकवर रूट गेट आणि पत्ता. तिथे कार्डाचं नाव मिळतं, त्या कार्डाचा पत्ता इफकॉन्फिगमध्ये बघायचा. विंडोजवर पॉवरशेल या दुसऱ्या कमांड-खिडकीमध्ये फाइंड-नेटरूट, त्यापुढे -रिमोटआयपीअ‍ॅड्रेस आणि समोरच्याचा पत्ता. उत्तरात आपला पत्ताही मिळतो.

मशीन निवड कशी करतं, हे थोडक्यात. जो रस्ता समोरच्याच्या पत्त्याशी सर्वांत जास्त नेमका जुळतो तो पहिला. तेवढेच नेमके दोन रस्ते असले तर मेट्रिक नावाचा आकडा बघितला जातो, लहान आकडा जिंकतो. विंडोज हा आकडा बहुधा जोडणीचा वेग बघून आपणच ठरवतं, म्हणून केबल आणि वायफाय दोन्ही एकाच राउटरला जोडलेली असतील तर बहुतेक वेळा केबल जिंकते. अशा वेळी दोन्ही पत्ते चालतात. तरी द्यायचा केबलचाच, कारण वायफाय कुणीही एका बटणानं बंद करू शकतं.

ज्यांना प्रोग्रॅम लिहिता येतो त्यांच्यासाठी एक गोष्ट. 'होस्टचं नाव विचारा आणि त्याचा पत्ता शोधा' हा धडा सगळीकडे शिकवतात, पण त्यानं लिनक्सवर १२७.०.१.१ हाती येऊ शकतो आणि विंडोजवर भलत्याच कार्डाचा पत्ता. त्याऐवजी यूडीपी सॉकेट उघडा, समोरच्याच्या पत्त्याला कनेक्ट करा आणि सॉकेटलाच त्याचा स्थानिक पत्ता विचारा. यूडीपीत कनेक्ट केल्यानं नेटवर्कवर एकही पॅकेट जात नाही, फक्त रस्त्यांची यादी चाळली जाते, त्यामुळे समोरचं यंत्र बंद असलं तरी उत्तर मिळतं. पुष्कळ जण इथे ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता घालतात. त्यानं इंटरनेटकडे जाणारं कार्ड कळतं, शेजाऱ्याकडे जाणारं नाही. व्हीपीएन चालू असेल तर व्हीपीएनचा पत्ता हाती येऊ शकतो, आणि इंटरनेटचा रस्ताच नसलेल्या दुकानात नुसतीच चूक येते. ज्याच्याशी बोलायचं आहे त्याचाच पत्ता तिथे घाला. आणि अ‍ॅपमध्ये क्यूआर कोड दाखवणार असाल तर सापडलेले सगळे पत्ते कार्डाच्या नावासकट यादीत द्या आणि निवड माणसावर सोडा. आपणहून एक निवडून बाकीचे लपवणारं अ‍ॅप फार त्रास देतं.

पाचवी पायरी: प्रोग्रॅम दार उघडून बसला आहे ना?

पत्ता बरोबर आहे आणि तरी जोडणी होत नाही, तर आता पत्त्याचा पिच्छा सोडा. प्रोग्रॅम कुठल्या कार्डावर ऐकतो आहे ते बघा. विंडोजवर नेटस्टॅट, जागा, -एएन. यादीत तुमच्या प्रोग्रॅमचा पोर्ट, म्हणजे तो ज्या दारावर ऐकतो त्याचा आकडा, शोधा. त्याच्या आधी १२७.०.०.१ असेल तर तो फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतो आहे. शिकणाऱ्या मुलांचे वेब प्रोजेक्ट बहुधा असेच सुरू होतात. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये ऐकण्याचा पत्ता ०.०.०.० केला की तो सगळ्या कार्डांवर ऐकू लागतो. मात्र हा ०.०.०.० फक्त ऐकण्यासाठी. फोनच्या ब्राउझरमध्ये तो टाकायचा नसतो. आणि कॉलेजच्या किंवा स्टेशनच्या उघड्या वायफायवर असताना सगळ्या कार्डांवर ऐकवू नका. तिथे ज्या कार्डाची गरज आहे तेवढ्याचाच पत्ता द्या.

मग फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना अडवणारा पहारेकरी. विंडोज प्रत्येक नेटवर्कला पब्लिक किंवा प्रायव्हेट असा शिक्का लावतं, आणि पब्लिक असेल तर बाहेरून आलेल्यांना आत येऊ देण्यात फार काटेकोर असतं. आपल्याच ऑफिसच्या नेटवर्कला चुकून पब्लिक शिक्का लागलेला असेल तर सेटिंग्जमध्ये तो बदला. फायरवॉल पूर्ण बंद करू नका, कितीही जणांनी सुचवलं तरी. हव्या त्या प्रोग्रॅमला परवानगी द्या.

राउटरचं 'गेस्ट' वायफायही एकदा तपासा. गेस्टवर जोडलेली यंत्रं सहसा एकमेकांना आणि आतल्या मशीनना बघूच शकत नाहीत, ते तसं मुद्दामच केलेलं असतं.

पडताळणी नेहमी समोरच्या यंत्रावरून करा. आपल्याच मशीनवरून आपलाच पत्ता उघडला तर तो जवळजवळ नेहमी उघडतो, त्यावरून काही सिद्ध होत नाही. पिंगवरही (समोरचं मशीन उत्तर देतं का ते बघणारी कमांड) फार विसंबू नका. विंडोजची फायरवॉल पिंगला बऱ्याचदा उत्तर देत नाही, पण तेवढ्यानं पत्ता चुकीचा ठरत नाही. समोरच्या विंडोज मशीनवर पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन, पत्ता, मग -पोर्ट आणि पोर्टचा आकडा, असं करून नेमकं तेच दार उघडं आहे का ते बघा. फोनवर ब्राउझर उघडून बघणं पुरेसं आहे.

सहावी पायरी: मिळालेला पत्ता टिकवा

लाइट जाऊन आली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि काल चालणारं आज बंद, हे इंदूरच्या दुकानदारांना सांगायला नको. राउटर पत्ते वाटताना ठरावीक मुदतीसाठी देतो. मशीन सहसा आपला जुनाच पत्ता पुन्हा मागतं, पण राउटरची वही पुसली गेली असेल आणि तो पत्ता तोवर दुसऱ्या कुणाला गेला असेल तर मशीनला नवा मिळतो.

यावर चांगला उपाय राउटरमध्येच आहे. राउटरच्या सेटिंगच्या पानावर डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, भागात 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' किंवा तत्सम नावाची सोय असते. तिथे मुख्य मशीनच्या कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख-क्रमांक, मॅक संगणकाशी त्याचा संबंध नाही) आणि हवा तो आयपी लिहून ठेवायचा, मग तो आयपी दुसऱ्या कुणाला जात नाही. मॅक पत्ता आयपीकॉन्फिग -ऑल या कमांडनं 'फिजिकल अ‍ॅड्रेस'समोर दिसतो. इथेही कार्ड बघूनच: केबलसाठी आरक्षण करायचं असेल तर केबलच्याच कार्डाचा मॅक घ्या, वायफायचा वेगळा असतो. वायफायवर आरक्षण करायचं असेल तर आधी त्या यंत्रात 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेस' किंवा 'प्रायव्हेट अ‍ॅड्रेस' बंद आहे ना ते बघा. चालू असेल तर यंत्र राउटरला दाखवताना बनावट मॅक वापरतं आणि आरक्षण लागू होत नाही.

काही जण मशीनमध्येच पत्ता हातानं घालतात. चालतं, पण राउटर जेवढ्या पट्ट्यातून पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा आकडा निवडावा लागतो, नाहीतर कधीतरी तोच आकडा राउटर एखाद्या पाहुण्याच्या फोनला देतो आणि दोघांचंही अडतं. लॅपटॉपवर तर हे मुळीच करू नका. तो घरी नेला की घरच्या वायफायवर चालणार नाही.

जिथे प्रोग्रॅम मान्य करतो तिथे आकड्याऐवजी मशीनचं नाव घाला. विंडोजच्या मशीनमध्ये आपसात नाव सहसा चालतं, मॅक आणि बऱ्याच लिनक्सवर नावापुढे डॉट लोकल लावून चालतं. नाव वापरलं की पत्ता बदलला तरी अडत नाही. पण नावामागेही शेवटी कुठला तरी पत्ताच असतो, आणि बऱ्याच कार्डांच्या मशीनवर नाव भलत्या कार्डाकडे नेऊ शकतं. तसं होऊ लागलं तर न वापरलेली व्हर्च्युअल कार्डं काढून टाका. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून एनसीपीए डॉट सीपीएल लिहिलं की सगळी कार्डं चित्रांसारखी समोर येतात. नको ते कार्ड उजवं बटण दाबून डिसेबल करता येतं. कुठलं कार्ड कशाचं याबद्दल शंका असेल तर त्याला हात लावू नका, आधी विचारा.

आयपीव्ही६ चे पत्तेही यादीत दिसतील. रोमनमध्ये 'एफ ई ८ ०' नं सुरू होणारा पत्ता प्रत्येक चालू कार्डाला असतो आणि तो त्या एकाच जोडणीपुरता असतो. ब्राउझरमध्ये टाकायला तो गैरसोयीचा आहे. लहान ऑफिसच्या आतल्या कामाला सध्या आयपीव्ही४ पुरतं.

शेवटी, निवडलेला पत्ता, तो कोणत्या कार्डाचा आणि कोणासाठी आहे, हे तीनही एका चिठ्ठीवर लिहून मुख्य मशीनच्या डब्यावर चिकटवा, तारखेसकट. नुसता आकडा लिहिला तर सहा महिन्यांनी येणाऱ्या माणसाला तो केबलचा की वायफायचा हे कळत नाही आणि त्याला पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते.